दहा अखेर

आमच्या गावच्या दूध संस्थेत महिन्याचे तीन तुकडे पडतात. १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर. तिसरा तुकडा कधी दहा दिवसांचा, कधी अकरा, फेब्रुवारीत आठ किंवा नऊ. प्रत्येक तुकड्याचं दूधबिल वेगळं निघतं आणि किराणा, शाळेची फी, बचत गटाचा हप्ता, दवाखाना हे सगळं या तीन बिलांच्या बेतानं चालतं. ‘बिल झालं की देतो’ हे वाक्य कृष्णाकाठच्या दुकानदारांना रोज ऐकू येतं.

माझे वडील, आण्णा, या संस्थेचे सचिव होते. दहा तारखेची सांज उलटली की त्यांच्यापुढे ते लांबडं रजिस्टर उघडलेलं असायचं. एका उत्पादकाला एक ओळ, दहा दिवसांच्या सकाळ-संध्याकाळ अशा वीस पाळ्या, पुढे एकूण लिटर, रक्कम, कपात, निव्वळ देणं. आण्णा आधी आडव्या बेरजा करायचे, मग उभ्या. उभी बेरीज एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर. दोन्ही वेळा एकच आकडा आला तर शाईनं लिहायचा, तोवर पेन्सिल. पान संपलं की बेरीज पुढच्या पानावर ओढायची. शेवटच्या पानावर आडव्या बेरजांची बेरीज आणि उभ्या बेरजांची बेरीज एकाच चौकटीत येऊन जुळली की ताळा जमला. नाही जमला तर आई ताट झाकून ठेवायची आणि आम्ही हळू आवाजात बोलायचो.

त्या रजिस्टरच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर आण्णांच्या अक्षरात एक ओळ असे: ‘दि. १ पासून दि. १० अखेर’. ती मी लहानपणापासून पाहत होते. तिचा अर्थ मला कळला तो माझ्या हातून चूक झाल्यावर, २०१७ च्या जुलैत.

त्याआधीची गोष्ट थोडक्यात सांगते. कॉम्प्युटरचा डिप्लोमा झाल्यावर मी संस्थेसाठी फॉक्सप्रोमध्ये, म्हणजे नोंदी साठवून त्यांचा हिशेब करणाऱ्या एका जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, बिलाचा प्रोग्रॅम लिहिला. आण्णांची रात्र खाणारं काम एका ओळीत आलं. ‘सम’ म्हणायचं, कशाची बेरीज ते सांगायचं, आणि ‘फॉर’ लिहून कुठल्या तारखांमधल्या नोंदी धरायच्या ते सांगायचं. आण्णांनी लागोपाठ तीन बिलं हातानंही केली आणि माझ्या छापील कागदाशी ताडून पाहिली. त्यात दोन गोष्टी सापडल्या. एक तारखेची. फॉक्सप्रो आपणहून महिना आधी आणि दिवस नंतर वाचतं, ‘सेट डेट ब्रिटिश’ सांगितलं नाही तर ५ जुलैची ७ मे होते. दुसरी गोष्ट जास्त खोल होती. तिथे नोंद खोडली तरी ती जागची जात नाही, तिच्यावर फक्त खूण पडते, आणि ‘सेट डिलिटेड ऑन’ लिहिलं नसेल तर खोडलेल्या नोंदीही बेरजेत धरल्या जातात. एका माणसाचं ४.५ लिटर दूध आधी चुकून ४५ पडलं होतं, मग खोडून नीट भरलं होतं. बिलात दोन्ही आले. आण्णांनी कागदावरून नजर न उचलता म्हटलं, ‘याच्या दावणीला एकच म्हैस आहे.’ मला तिथे आकडा दिसत होता, आण्णांना दावण दिसत होती.

फॉक्सप्रोमधल्या तारखेच्या रकान्यात फक्त तारीख असते, वेळ नसते. त्या काळात याचं महत्त्व वाटायचं कारणच नव्हतं.

२०१७ मध्ये संस्थेनं नवं यंत्र घेतलं. वजन, फॅट, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग) सगळं थेट कॉम्प्युटरमध्ये यायचं आणि उत्पादकाच्या हातात जागेवर छापील पावती पडायची. नोंदी साठवणारा डेटाबेसही नवा आला. यंत्र प्रत्येक नोंदीला तारखेबरोबर वेळही चिकटवत होतं, आणि मला ते आवडलं होतं: कोण किती वाजता आलं हेही आता कळणार. मी जुनी अट नव्या भाषेत जशीच्या तशी उतरवली, तारीख ‘बिटवीन’ १ जुलै आणि १० जुलै. एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या या नव्या भाषेत, ‘बिटवीन’ दोन्ही टोकं धरतं, हे मला पाठ होतं. पहिलं बिल ११ तारखेच्या रात्री छापलं आणि १२ तारखेच्या सकाळी वाटलं.

नऊच्या सुमारास आक्का आल्या. आक्का म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या, दोन म्हशी सांभाळून घर चालवणाऱ्या बाई. सगळी गल्ली त्यांना आक्काच म्हणते. त्यांच्या हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला, झाकण काढलं आणि आतल्या पावत्या एकावर एक मांडल्या.

‘पोरी, या वीस पावत्या हायत. तुज्या कागदात पाळ्या अठराच धरल्यात.’

मी बिल पाहिलं. खरंच, पाळ्या १८. मी म्हटलं, आक्का, एखादी पावती मागच्या बिलातली असेल. त्यांनी सगळ्यात वरच्या दोन पावत्या उचलून माझ्यासमोर धरल्या. दोन्हींवर १० जुलै. सकाळी ६ वाजून १० मिनिटं, संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटं.

तेव्हा मला दिसलं. मी फक्त ‘१० जुलै’ लिहिलं होतं. रकाना तारीख आणि वेळ असा जोडीचा असेल, आणि वेळ सांगितली नाही, तर डेटाबेस ती रात्रीचे बारा धरतो. म्हणजे माझी मर्यादा १० जुलैची पहिली घटका होती. त्या क्षणाला गावातल्या म्हशी झोपलेल्या होत्या. त्यानंतर दिवसभर जे दूध आलं ते त्या मर्यादेच्या पलीकडे राहिलं. ‘बिटवीन’नं दोन्ही टोकं धरली होती, पण दुसऱ्या टोकाला एक क्षण होता आणि मी तिथे एक दिवस समजत होते.

आक्कांचे तीनशे रुपयांच्या आसपास गेले होते. पण सगळ्यांच्याच बिलातून तो दिवस गळला होता. पूर्ण गावाचा एक दिवस: पहाटेचं उठणं, वैरण, धार, किटली घेऊन चालत येणं, संध्याकाळी पुन्हा तेच. छापण्याआधी मी एकूण लिटर तपासले होते, पण तपासायला डेटाबेसला केलेली विचारणा, म्हणजे क्वेरीही, त्याच अटीवर उभी होती. चुकीचा आकडा चुकीच्याच आकड्याशी जुळला आणि मला वाटलं ताळा जमला. गावोगावचं दूध घेणाऱ्या संघाच्या टँकरमध्ये पाठवलेल्या दुधाशी ताडलं असतं तर सगळं तिथेच उघडं पडलं असतं. आण्णा नेमके तेच करायचे. ज्या वाटेनं बेरीज केली ती वाट सोडून दुसऱ्या वाटेनं यायचं, वरून खाली आणि मग खालून वर, यामागचं शहाणपण हेच होतं. आजही मी कुठल्याही रिपोर्टचा ताळा दुसऱ्या वाटेनंच पाहते.

फरकाची बिलं त्याच संध्याकाळी निघाली. रात्री आण्णांनी मला विचारलं, ‘तू काय लिहिलं होतंस?’ मी सांगितलं, एक तारखेपासून दहा तारखेपर्यंत. ते म्हणाले, ‘पर्यंत नाही, अखेर.’

त्यानंतर कितीतरी दिवस हे दोन शब्द माझ्या डोक्यात होते. ‘पर्यंत’ हा आपल्याकडे सैल शब्द आहे. ‘सोमवारपर्यंत पैसे देतो’ म्हणणाऱ्याच्या मनात सोमवारची सकाळ असते की रात्र, ते दोघांनी आपापल्या परीनं समजून घ्यायचं. ‘अखेर’मध्ये ही सोय नाही. मार्चअखेर म्हणजे ३१ मार्चचा दिवस पूर्ण होऊन. साखर कारखान्याच्या फलकावर ‘आजअखेर गाळप’ लिहिलेलं असतं, त्यात आजची शेवटची गाडीसुद्धा आलेली असते. आपल्या हिशेबनिसांनी हा शब्द उगाच धरून ठेवलेला नाही. दिवसाला पोट असतं आणि ते पूर्ण धरायचं आहे, हे तो एक शब्द बजावून सांगतो. मी कॉम्प्युटरला ‘पर्यंत’ सांगितलं आणि अपेक्षा ‘अखेर’ची ठेवली.

पण ‘अखेर’ कॉम्प्युटरला सांगायचं कसं? पहिला उपाय बहुतेकांना सुचतो तोच मलाही सुचला, रात्री ११ वाजून ५९ मिनिटं ५९ सेकंद. तो कच्चा आहे. त्या शेवटच्या सेकंदाच्या पोटातही वेळ असते, आणि ती सांभाळायला कोणी पुढे .९९९ जोडायला गेलं तर एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसचा जुना तारीख-वेळ प्रकार ती ओढून दुसऱ्या दिवसाच्या बाराला नेऊन ठेवतो, कारण तो सेकंदाचे साधारण तीनशे भागच मोजतो. मग ११ तारखेच्या ठीक बाराची नोंद आपल्या बिलात शिरते. दुधाच्या संस्थेत रात्री बाराला कोणी येत नाही, पण ज्या नोंदींना वेळच दिलेली नाही त्या सगळ्या ठीक बारालाच बसलेल्या असतात. आमच्याकडे हातानं भरलेल्या नोंदी तशाच होत्या.

बरोबर उपाय असा: १ जुलै किंवा त्यानंतर, आणि ११ जुलैच्या आधी. सुरुवात धरायची आणि शेवटाच्या पुढचा दिवस सोडायचा. एड्स्खर डाइकस्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञानं १९८२ मध्ये एका छोट्या टिपणात पूर्णांकांच्या रांगेबद्दल हेच मांडलं होतं. रांग लिहायच्या चार पद्धतींपैकी पहिलं टोक धरणारी आणि दुसरं सोडणारी पद्धत त्यानं निवडली, कारण दोन टोकांची वजाबाकी केली की रांगेची लांबी मिळते आणि एक रांग जिथे संपते तिथूनच दुसरी सुरू होते. आमच्या बिलाला हे नेमकं बसतं. एका बिलाचा शेवट तोच पुढच्याची सुरुवात. मधे फट नाही, एकावर एक चढणं नाही. फेब्रुवारी २८ चा की २९ चा हे विचारावंही लागत नाही, ‘१ मार्चच्या आधी’ म्हटलं की झालं.

आण्णांना हे पटलं, पण बिलाच्या कागदावर ‘११ च्या आधी’ छापायला त्यांनी साफ नकार दिला. कागदावर अजूनही ‘१० अखेर’च छापतो. आत ११ च्या आधी, बाहेर १० अखेर.

दुसरी चूक २०१८ ची. ती जास्त दिवस लपून राहिली. नोंदी संस्थेच्या कॉम्प्युटरवरून बाहेरच्या सर्व्हरवर नेल्या. त्या सर्व्हरचं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर होतं आणि आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे आपल्या पहाटेच्या साडेपाचला तिथे रात्रीचे बारा वाजतात, आणि दिवस तिथे बदलतो. आमच्याकडे पहिला नंबर लावणारे पाच-सव्वापाचला येतात, ज्यांना पुढे ऊसतोडीला किंवा एमआयडीसीच्या पहिल्या पाळीला जायचं असतं ते. त्यांचं ११ तारखेच्या पहाटेचं दूध सर्व्हरच्या हिशेबात १० तारखेच्या रात्री पावणेबाराला पडत होतं. साडेपाचनंतर येणाऱ्यांचं बरोबर.

गंमत नव्हे, भीती वाटावी अशी गोष्ट म्हणजे एकूण बेरीज कधीच चुकत नव्हती. वर्षाचे लिटर टँकरशी जुळायचे. दुसऱ्या वाटेनं ताळा पाहूनही तो जमत होता. कारण दूध हरवत नव्हतं, फक्त आदल्या दिवसात सरकत होतं. एकदा ११ तारखेपासून खरेदी दर वाढला आणि पहाटे येणाऱ्यांना त्या दिवशीच्या सकाळचा जुनाच दर लागला, तेव्हा हे बाहेर आलं. रक्कम काही रुपयांची होती. पण ती नेमकी सगळ्यात लवकर उठणाऱ्यांची कापली जात होती, आणि हे अजूनही मला बोचतं. १ एप्रिलच्या पहाटेचं त्यांचं दूधही मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसलं असतं. दिवाळीला जो दूध दर फरक, म्हणजे वर्षभराच्या दुधावरची जादा रक्कम, मिळतो तो एप्रिल ते मार्चच्या दुधावर काढतात, म्हणजे तिथेही धक्का होताच.

दिवस कुठे संपतो हा प्रश्न माणसांनी वेगवेगळा सोडवलेला आहे. पंचांगात सूर्योदयाला जी तिथी असेल तिचं नाव त्या दिवसाला मिळतं. एखादी तिथी एका सूर्योदयानंतर सुरू होऊन दुसऱ्याच्या आधीच संपली तर तिच्या वाट्याला दिवसच येत नाही, आणि पंचांगकर्ते तिला क्षय तिथी म्हणून नोंदवून ठेवतात, तशीच सोडून देत नाहीत. मुंबईनं तर १९५५ पर्यंत स्वतःची वेगळी वेळ राखली होती, भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. आजोबा मुंबईला गिरणीत होते. घरात ‘मुंबई टाइम’ आणि ‘स्टँडर्ड टाइम’ असे दोन्ही शब्द मी ऐकलेले आहेत, तेव्हा ती मला नुसती म्हाताऱ्या माणसांची बोलायची सवय वाटायची.

शेवटी आम्ही घड्याळावर विसंबणंच सोडलं. नोंदीत ‘संकलन दिनांक’ आणि ‘पाळी’ असे दोन स्वतंत्र रकाने केले. बेरीज त्यांच्यावरच. यंत्राची वेळ बाजूला राहते, भांडण झालं तर पाहायला. याचा दुसराही फायदा झाला. संध्याकाळी लाइट गेली की सचिव वहीत लिहून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी नोंद भरतात. दूध कधी आलं आणि नोंद कधी झाली या दोन वेगळ्या तारखा आहेत आणि बिल पहिलीचं असतं. एकदा वाटलेल्या बिलातली नोंद मात्र आता कोणालाच बदलता येत नाही. चूक सापडली तर पुढच्या बिलात ‘मागील फरक’ म्हणून ओळ येते. आण्णांच्या रजिस्टरमध्ये ती तांबड्या शाईनं असायची.

बिलातून ज्यांचे पैसे कापले जातात त्या पेंडीच्या पोत्यांचाही एकदा घोळ झाला होता. दूध आणि कपात एकाच क्वेरीत जोडून बेरीज केली, तर ज्यानं दोन पोती उचलली त्याच्या दुधाची प्रत्येक नोंद दोनदा आली आणि लिटर दुप्पट झाले. आता आधी दुधाची बेरीज वेगळी, कपातीची वेगळी, मग दोन्ही शेजारी मांडायच्या.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. आमच्या गावात ४ तारखेची सांजपाळी झाली आणि ५ च्या सकाळी संस्थेच्या पायरीला पाणी लागलं. माणसं आणि जमतील तेवढी जनावरं वरच्या गावाच्या शाळेत गेली. संस्थेचं कॉम्प्युटर, जुनी कपाटं, आण्णांची काही रजिस्टरं पाण्याखाली गेली. नोंदी बाहेरच्या सर्व्हरवर होत्या म्हणून वाचल्या.

पाणी ओसरल्यावर बिलं काढायला बसले. ११ ते २० ऑगस्टचं बिल काढलं तर यादीत निम्मी नावंच नाहीत. ज्यांचं दूध आलं नव्हतं त्यांची एकही नोंद नव्हती, आणि उत्पादकांची यादी दुधाच्या नोंदींशी जोडूनच बिल निघतं, म्हणून नोंद नाही तर जोडणीत नावही नाही. नावं धरून ठेवायची जोडणी वापरली तेव्हा नावं आली, पण बेरजेच्या जागी कोरं. एसक्यूएलची ‘सम’ अशी आहे की बेरजेला काहीच मिळालं नाही तर ती शून्य देत नाही, ‘नल’ देते. तिथे शून्य आणणं एका शब्दाचं काम आहे आणि मी ते करायला बसलेही होते. आण्णांनी थांबवलं. वाचलेल्या रजिस्टरांत २००५ च्या महापुराचं एक होतं. त्यांनी ते पान उघडून दाखवलं. रकान्यांमधून आडवी रेघ आणि त्यावर ‘महापुरामुळे संकलन बंद’. कुठेही शून्य नाही. ते म्हणाले, ‘शून्य म्हणजे म्हैस आटली. इथे म्हैसच वाहून गेलीय.’

बिलात ‘शेरा’ असा रकाना तेव्हापासून आहे.

१ ते १० ऑगस्टचं बिल त्या शाळेच्या व्हरांड्यात वाटलं. आक्का आल्या. त्यांची एक म्हैस राहिली होती. पत्र्याचा डबा घरात फडताळावर होता, फडताळ पाण्यात गेलं होतं. त्या कागदांची शाई तशीही उन्हापाण्यात टिकत नाही. त्यांनी बिल हातात घेतलं आणि बराच वेळ नुसतं धरून उभ्या राहिल्या.

‘पाळ्या किती धरल्यास?’

आठ, मी म्हटलं.

‘बराबर हाय न्हवं?’

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डब्यातल्या पावत्यांनी माझी बेरीज दुरुस्त केली होती. आता त्यांच्याकडे पावत्या नव्हत्या, फक्त माझा कागद होता. मी लॅपटॉप उघडून त्यांच्या नावाच्या नोंदी लावल्या आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. त्या शेजारी येऊन बसल्या. मी तारीख, पाळी, लिटर वाचत गेले आणि त्या बोटाच्या पेरांवर मोजत गेल्या. एकची सकाळ, एकची सांज. दोनची सकाळ, दोनची सांज. तीनची सकाळ, तिथे थांबून त्या म्हणाल्या, ‘त्या दिवशी पाऊस हुता, दूध कमी आलं आसंल.’ मी पाहिलं. ३.१ लिटर, एरवीपेक्षा कमी. त्यांनी मान हलवली आणि पुढचं वाचायला सांगितलं.